कुठेच जायचं नसताना

आमच्या गॅरेजात एक गाडी आहे. तिला दरवाजे नाहीत, टप नाही, मागची सीट नाही. समोरची काच म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यावर बसवलेली, जेवणाच्या ताटाएवढी एक गोल तबकडी. चालवणाऱ्याच्या तोंडावरचा वारा ती अडवते, शेजारी बसणाऱ्याचा नाही. दोन खोलगट सीटा, त्यांच्या मागे आडवी ठेवलेली पिंपासारखी पेट्रोलची टाकी, लाकडी आऱ्यांची चार चाकं आणि लांबट नाक. 1922 सालची फोर्ड मॉडेल टी. अशा उघड्या, हलक्या करून घेतलेल्या गाडीला अमेरिकेत स्पीडस्टर म्हणतात. नावावर जाऊ नका. ताशी 35 मैल, म्हणजे 56 किलोमीटरच्या पुढे आम्ही तिला नेत नाही, आणि शाळेची बससुद्धा आम्हाला मागे टाकून जाते. बसमधली मुलं मात्र खिडकीला नाक लावून बघतात.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. एक चिपळूणचा, एक महाडची. मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहायला लागून 20 वर्षं होऊन गेली. एक जण कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो, दुसरी शाळेत गणित शिकवते. या लेखात कोणी काय केलं याचा हिशेब आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. ठेवायला गेलो की फ्रीजर कोणी फोडला या विषयावर बोलणं येतं, आणि मग जेवणं लांबतात.

गाडी 2014 च्या उन्हाळ्यात ओहायोतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतली. हँडल मारायला खांद्यात जोर राहिला नाही म्हणून ते विकत होते. पैसे मोजून घेताना त्यांचे डोळे भरून आले आणि आम्हाला उगाच आपण काही चोरून नेतोय असं वाटलं. 12,000 डॉलर दिले. हा आकडा पुढे आमच्या मानगुटीवर बसणार होता, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आता थोडं तिच्या कुळाविषयी. मॉडेल टी 1908 साली आली आणि 1927 साली बंद झाली. तेवढ्या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पहिल्या वर्षी किंमत 850 डॉलर होती. 1913 साली डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा सुरू झाला. जो सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागत, तो 93 मिनिटांत जुळू लागला. भाव घसरत घसरत 1925 साली सर्वांत साधी गाडी 260 डॉलरला मिळायला लागली. म्हणजे जुन्या, वापरलेल्या गाडीला कोणी विचारेना. ती येऊन पडली गॅरेजात काम करणाऱ्या पोरांच्या हातात. श्रीमंतांची पोरं तेव्हा स्टट्झ बेअरकॅट आणि मर्सर रेसअबाउट असल्या देखण्या, महागड्या गाड्या उडवत फिरायची. या पोरांना तेच हवं होतं आणि खिसा रिकामा होता. त्यांनी टीचं वरचं सगळं पत्र्याचं शरीर उचकटून टाकलं, सांगाड्यावर दोन सीटा ठोकल्या, मागे गोल टाकी बसवली, झाली शर्यतीची गाडी! पुढे तर असं पत्र्याचं हलकं शरीर पोस्टाने घरपोच मागवता येऊ लागलं. फोर्ड कंपनीने स्वतः 1909 साली न्यूयॉर्क ते सिएटल अशा लांबलचक शर्यतीत अशाच उघड्या टी उतरवल्या होत्या. एक पहिली आली, आणि वाटेत इंजिन बदललं हे उघडकीला आल्यावर तिचा नंबर काढून घेतला गेला. चलाखी तेव्हाही होतीच.

या छंदाच्या लोकांत एक शब्द फार चालतो, ‘बहुतेक मूळची’. इंजिन तेच, गिअर तेच, चाकं तीच, आणि जे बदललं ते त्या काळातही लोक बदलत असत तेवढंच. आम्हाला हा शब्द सुरुवातीला फसवा वाटला. ज्या गाडीचं शरीरच कोणी उचकटून फेकलंय ती मूळची कसली? आमच्या गाडीचा वरचा पत्रा तर आधीच्या एका मालकाने 1970 च्या सुमारास जुन्या फोटोंवरून घडवलेला आहे. पण आतलं 2.9 लिटरचं, 20 अश्वशक्तीचं इंजिन 1922 चंच आहे. 20 अश्वशक्ती म्हणजे आपल्याकडच्या अडीच अ‍ॅक्टिव्हा. तेवढ्यावर तिने शंभर वर्षं काढली.

चालवायची कशी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी सीटमागच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल किती ते बघायचं, कारण काटा नाही. ऑइल बघायला गाडीखाली झोपायचं. तिथे एकावर एक दोन छोट्या तोट्या आहेत. वरच्या तोटीतून ऑइल आलं नाही आणि खालच्यातून आलं, तर बेतात आहे. मग स्टीअरिंगच्या डाव्या बाजूची दांडी वर सरकवून स्पार्क मागे घ्यायचा, उजवीकडची थोडी खाली करून पेट्रोल द्यायचं. हो, अ‍ॅक्सिलरेटर हाताने! हातब्रेक पूर्ण मागे. पुढे जाऊन हँडल डाव्या हाताने खालून वर ओढायचं, आणि अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही. स्पार्क मागे घ्यायला विसरलात तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. त्या काळी अशी मनगटं इतकी मोडली की डॉक्टरांना तो अस्थिभंग नुसता बघून ओळखता यायचा. थंडीत आणखी एक गंमत: ऑइल घट्ट होतं, क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि इंजिन सुरू होताच गाडी हळूहळू हँडल मारणाऱ्याच्या अंगावर चालून येते. म्हणून लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवायचे.

चावी फिरवली की पायांसमोरच्या लाकडी पेटीतल्या चार कॉइली गुणगुणायला लागतात. हा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही.

खाली तीन पेडल. उजवं ब्रेकचं, मधलं रिव्हर्सचं. डावं अर्धं दाबलं तर न्यूट्रल, पूर्ण दाबलं तर पहिला गिअर, आणि हातब्रेक पुढे करून सोडून दिलं तर दुसरा. गिअर दोनच. अमेरिकन माणसाला हे शिकायला फारसा त्रास होत नाही, कारण ऑटोमॅटिक गाडीत त्याचा डावा पाय जन्मभर रिकामाच बसलेला असतो. आम्ही मुंबईत प्रीमियर पद्मिनीवर शिकलेले. आमच्या डाव्या पायाला एकच गोष्ट पाठ: थांबायचं असेल तर क्लच दाबा.

2014 ची बकरी ईद ऑक्टोबरच्या सुरुवातीला होती. ईदनंतरच्या आठवड्यात आमच्यातल्या कुणीतरी गाडी हळूच गॅरेजात घेत होतं. थांबायची वेळ आली तशी सवयीने डावा पाय पूर्ण दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पहिल्या गिअरमध्ये जोरात पुढे सरकली. पाय म्हणतो, अजून दाब. जितका दाबावा तितकी ती पुढे! नाकाखालचं हँडल सरळ फ्रीजरच्या पोटात घुसलं. फ्रीजर कुर्बानीच्या मटणाने भरलेला. त्या रात्री नऊ वाजेपर्यंत आम्ही दारोदार फिरून, आधी दिलेल्यांनाच पुन्हा मटण वाटत होतो. गाडीला ओरखडासुद्धा आला नव्हता.

महिनाभर दोघांनी रिकाम्या पार्किंगमध्ये डाव्या पायाला नवी शिकवण दिली. ओढणीचा प्रश्नही तेव्हाच सोडवला. उघड्या गाडीत, पंख्याजवळ आणि फिरणाऱ्या आऱ्यांजवळ मोकळं टोक ठेवणं म्हणजे मरणाला हाक. ज्या 1927 साली टी बंद झाली त्याच वर्षी फ्रान्समधल्या नीस शहरात इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका, गळ्यातला लांब रेशमी रुमाल उघड्या गाडीच्या चाकात अडकून गेली. आमच्या घरी आता चार पिना, आणि वरून जाकिटाची बंद चेन.

मिशिगनमध्ये अशा गाडीला ऐतिहासिक वाहनाची वेगळी नंबरपाटी मिळते. अट अशी की तिच्यावर रोजची येजा करायची नाही. मेळावे, मिरवणुका, सहली एवढ्यापुरतीच. फक्त ऑगस्ट महिन्यात मोकळीक. म्हणजे कायद्यानेच सांगितलंय की ही गाडी कामाला न्यायची नाही. आमच्यासारख्यांना हे पचायला वेळ लागला. आमच्या दोन्ही घरांत गाडी म्हणजे काम. कुणी टॅक्सी चालवायचा, कुणी लॉरी, कुणी कुवेतला जाऊन कंपनीची बस. विनाकारण पेट्रोल जाळणाऱ्याला आमच्याकडे जो शब्द आहे तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सप्टेंबरात डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. 1951 पासून भरतोय, आणि 1932 पर्यंतच्याच गाड्यांना आत प्रवेश. संध्याकाळी जुन्या दिव्यांच्या उजेडात सगळ्या गाड्या रांगेने फिरतात. तिथे जायला आम्हाला आवडतं, पण खरं सुख हाइन्स ड्राइव्हवर. रूज नदीच्या काठाने झाडीतून वळणं घेत जाणारा हा रस्ता. वाटेत हेन्री फोर्डने घेतलेल्या जुन्या पाणचक्क्यांच्या इमारती लागतात. रविवारी फजरनंतर निघायचं. थर्मासमध्ये चहा. काचा नाहीत म्हणून नदीचा गारवा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते गालांना कळतं. ओल्या मातीचा, कापलेल्या गवताचा, कुणाच्या तरी न्याहारीचा वास. एरवी याच रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलोय, आणि त्या पाणचक्क्या कधी दिसल्या नव्हत्या. गप्पा मारता येत नाहीत एवढा आवाज असतो, त्यामुळे भांडताही येत नाही. एक जण चालवतो, दुसरा बोटाने दाखवतो: बगळा.

एकदा आम्ही गाडी हायलंड पार्कला नेली, जिथे ती जन्मली. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर कारखान्याच्या इमारतीचा काही भाग अजून उभा आहे, आजूबाजूला ओसाडी. 1914 च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली तेव्हा जगभरातून माणसं इथे धावली. त्यांत सीरिया-लेबनॉनकडचे आणि तुर्कस्तानातले मुसलमानही होते. 1921 साली कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांच्यासाठी मशीद उभी राहिली. मशीद म्हणून अमेरिकेत बांधलेल्या अगदी पहिल्या मशिदींपैकी ती. फार वर्षं चालली नाही. काही वर्षांतच तिथली नमाज बंद झाली आणि इमारत दुसऱ्या कामाला गेली. आमच्या गाडीचं इंजिन पुढच्याच वर्षीचं. त्याचा एखादा बोल्ट पिळून, हात धुऊन कुणीतरी त्या मशिदीकडे चालत गेला असेल का? असेल किंवा नसेल. आम्ही गाडी बंद करून दहा मिनिटं फुटपाथवर उभे राहिलो, मग पाऊस आला आणि टप नसल्यामुळे भिजत परतलो.

आता 12,000 डॉलरची गोष्ट. आमच्या इथल्या बायकांच्या हलक्यात एका वयस्कर खालांनी सरळ विचारलं, “बेटी, हा इसराफ नाही का?” उधळपट्टी, जी आपल्याला मना आहे. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. दुसऱ्या एकीने लगेच पैगंबरसाहेबांनी (स.) हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस सांगितली. घरच्या माणसाबरोबर मोकळा वेळ घालवणं ही काही वाईट गोष्ट नाही, असं तिचं म्हणणं. आम्हाला आधार मिळाल्यासारखं झालं. खाला शांतपणे म्हणाल्या, “ती शर्यत पायी होती गं. फुकट होती.” यावर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आम्ही एवढंच केलं की त्या वर्षापासून गाडीवर जेवढा खर्च होईल तेवढीच रक्कम वेगळी काढून गावाकडच्या दोन मुलांच्या फीसाठी पाठवायला लागलो. जकात वेगळी. याने प्रश्न सुटतो असं नाही. खर्च मात्र दुप्पट होतो, त्यामुळे नको ते सुटे भाग मागवण्याची खोड आपोआप गेली.

2018 च्या जूनमध्ये अब्बा आले. एकाचे वडील, दुसरीचे सासरे. दोघंही त्यांना अब्बाच म्हणायचो. वय 78. त्यांनी 30 वर्षं चिपळूण-कराड लॉरी चालवली. जाताना कौलं आणि सुकी मासळी, येताना गूळ, साखर, कांदा, आणि मध्ये कुंभार्ली घाट. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की क्लीनर खाली उतरून बॉनेटपुढे चालायचा. अब्बांनी आम्हाला कधी सहलीला नेलं नाही. लॉरी धुवायला नदीवर न्यायचे तेव्हा बसायला मिळायचं, तेवढीच सहल.

गाडी बघून त्यांनी पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गॅरेजात चटई टाकून गाडीखाली झोपलेले, फक्त पाय बाहेर. तासाभराने बाहेर आले, गुडघे झटकले.

“ब्रेक कुठाय?”

आम्ही उजवं पेडल दाखवलं. तो ब्रेक चाकांवर नाही, गिअरपेटीतल्या ड्रमवर लागतो आणि तिथून शाफ्टमार्गे मागच्या चाकांपर्यंत पोचतो, हेही सांगितलं.

“आणि मधला शाफ्ट तुटला तर?”

“हातब्रेक आहे ना, अब्बा. तो चाकांवरच आहे.”

“तो उभ्या गाडीचा. चालत्या गाडीचा नाही.” मग बराच वेळ चाकाच्या आऱ्या कुरवाळत राहिले. “सुनेला यात बसवतोस?”

सून स्वतःच चालवते हे कळल्यावर ते आणखी गप्प झाले.

आम्ही ‘बहुतेक मूळची’ या शब्दाचं महत्त्व त्यांना समजावून सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी होती तशी ठेवायची, त्यातच मजा. अब्बांनी ऐकून घेतलं. “शंभर वर्षांपूर्वी रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती,” म्हणाले. “चढ इंजिनाने चढायचा, उतार अकलेने उतरायचा. ब्रेक लावल्याशिवाय मी बसणार नाही.” आणि खरंच तीन आठवडे बसले नाहीत. रोज सकाळी गाडी पुसायचे. कॉइलींचा आवाज ऐकायला चावी फिरवून ठेवायचे, मधमाश्यांचं पोळं आहे म्हणायचे. फेरीला चला म्हटलं की मान हलवायचे.

शेवटी आम्ही शोध घेतला. त्या काळातही टीचे मालक या ब्रेकवर विसंबत नसत असं दिसलं. मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे पट्ट्यांचे ब्रेक तेव्हाच बाजारात आले होते, आणि आज ते नव्याने घडवून मिळतात. या शंभर वर्षांच्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मागवता येतो, हे ऐकून अब्बांना गाडीपेक्षा जास्त नवल वाटलं. पार्सल आलं. दोन शनिवार त्यांनी स्टुलावर बसून काम करवून घेतलं. पाना धरायची रीत चुकली की ‘हं’ म्हणायचे, त्यापलीकडे शब्द नाही.

परत जायच्या आठवड्यात, असरनंतर, ते बसले. हाइन्स ड्राइव्हवर अर्धा तास. एका उतारावर डावं पेडल दाबून पहिल्या गिअरमध्ये गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवली तेव्हा त्यांनी मान डोलावली. बाकी वेळ हात मांडीवर, नजर समोर. लॉरीत बसायचे तसेच. घरी पोचून इंजिन बंद केलं. ते उतरले नाहीत.

“माल कुठे उतरवायचा?” त्यांनी विचारलं.

आम्हाला आधी कळेना, ते गंमत करतायत की खरंच सवयीने बोलून गेले. मग ते हसले, आणि हसता हसता ठसका लागला.

2020 च्या डिसेंबरात अब्बा गेले. विमानं मिळत नव्हती, मिळती तरी वेळेत पोचलो नसतो. जनाजा आम्ही फोनच्या पडद्यावर बघितला. चित्र मध्येच थांबत होतं.

2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. वाचकांनी तेव्हाचे फोटो पाहिले असतील. बाजारपेठेत मोठ्या भाईंचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आणि गल्लीच्या टोकाला अब्बांनी बांधलेलं घर. पूर्ण दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी भाबींचा चेहरा दिसला, मागे भिंतीवर छताच्या वीतभर खालून चिखलाची रेघ. माणसं सगळी वाचली होती, अल्लाहचे उपकार. दुकानातला माल मात्र गेला. बेअरिंगं, फिल्टर, ब्रेकचे पॅड, सगळं गाळात. भाई फार बोलले नाहीत. फोन ठेवण्याआधी भाबींनी विचारलं, “तुमची ती लाकडी चाकांची गाडी बरी आहे ना?”

त्यांनी ते साधेपणाने विचारलं की आणखी कशाने, हे आम्ही त्या रात्री एकमेकांना दहा वेळा विचारलं असेल. खालांचा प्रश्न परत आला, यावेळी चिखलाने माखलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी विकायला काढली.

चौथ्या दिवशी एक तरुण ट्रेलर घेऊन आला. चांगला मुलगा, यंत्रातलं कळणारा. त्याला पुढचा आस आणि सांगाडा हवा होता. त्यावर तो मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवणार होता. जुनं इंजिन काय करणार विचारलं तर म्हणाला, दिवाणखान्यात ठेवायला छान दिसेल. त्यात गैर काही नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी ज्या पोरांनी या गाडीचं शरीर उचकटून फेकलं त्यांचाच हा वारस. भावही बरा देत होता. मग तो मागच्या चाकांपाशी वाकला आणि म्हणाला, “हे ब्रेक काही मला लागणार नाहीत, तुम्ही काढून ठेवू शकता.”

आम्ही त्याला चहा दिला आणि रिकामा ट्रेलर परत पाठवला. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. दीडशे मैल आला होता.

विकली ती आमची रोजची दुसरी गाडी, तीन वर्षं जुनी. ते पैसे भाईंना पाठवले. मिशिगनचा हिवाळा दोघांनी एका गाडीवर काढला. एकीला शाळेतली मैत्रीण पहाटे साडेसहाला उचलायची. स्पीडस्टर त्या सगळ्या काळात गॅरेजात कापडाखाली, कामाला न्यायची मुभा नसलेली. खरं सांगायचं तर दोन्ही विकल्या असत्या तर जास्त पाठवता आलं असतं. दुकान तीन महिने आधी उघडलं असतं का? भाईंना हे विचारायची आमची हिंमत झाली नाही, आणि त्यांनी आपणहून कधी काढलं नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये भाई आणि भाबी आले. भाई विमानतळावरून थेट गॅरेजात. अब्बांनी बसवून घेतलेले ब्रेक हाताने चाचपून बघितले, एक नट किंचित सैल निघाला तो आवळला, मग चहा घेतला.

गाडीला सीटा दोनच. पाहुणा बसला की आमच्यातल्या एकाला उतरावं लागतं. त्यामुळे पुढचं आमच्यापैकी एकीने बघितलं आणि दुसऱ्याला घरी येऊन सांगितलं. भाबींना पुढे बसायचं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून. इथे लोक नुसता हात हलवतात, असं समजावून, चार पिना लावून त्यांना बसवलं. पहिलं वळण येईपर्यंत त्यांनी सीटची कड घट्ट धरली होती. मग त्या बोलू लागल्या, इंजिनाच्या वर आवाज चढवून. अब्बांच्या लॉरीत त्या एकदाच बसल्या होत्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कराडला जायचं होतं. एस.टी.चे धक्के नकोत म्हणून अब्बांनी मालाबरोबर रात्री नेलं. कौलांवर गोधड्या टाकून सासूबाई मागे बसल्या, भाबी केबिनमध्ये. आख्खा घाट अब्बांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, एक शब्द न बोलता. वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली, उतरले, आणि पहाटेच्या उजेडात खालची दरी बघत उभे राहिले. भाबींना वाटलं, इंजिन तापलंय. त्यांनी क्लीनरला विचारलं. क्लीनर म्हणाला, “इंजिन ठीक आहे. मालक रोज इथे पाच मिनिटं थांबतात.”

हे त्यांनी आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं म्हणे.

जुन्या पाणचक्कीपाशी गाडी वळवली तेव्हा भाबींनी विचारलं, “आपण चाललोय कुठे?”

“कुठेच नाही, भाबी. असंच.”

त्यांनी थोडा विचार केला. ओढणीची पीन चाचपून बघितली.

“मग एवढी घाई कशाला?” म्हणाल्या. “हळू घे.”

काटा असता तर 25 मैल दाखवला असता.